दाराला टेकवलेला खराटा

हिल्का : अर्धा तास बसलेय मी या पायरीवर.

ऊर्पो : हाक मारायचीस.

हिल्का : दाराला खराटा टेकवलेला. घरात कुणी नाही म्हणून खूण असताना हाक कुणाला मारायची?

ऊर्पो : मी आतच होतो.

हिल्का : मग खराटा कुणी ठेवला?

ऊर्पो : मी.

हिल्का : आत बसून?

ऊर्पो : पुढून टेकवायचा, वळसा घालायचा आणि सरपणाच्या खोलीतून मागच्या दारानं आत यायचं. अवघड नाही.

(पूर्व फिनलंडमधलं तळ्याकाठचं घर. ऑक्टोबरची दुपार, बटाटे काढून झालेत, बर्फ अजून पडायचं आहे. साडेतीन वर्षांपूर्वी हिल्का हे घर आणि हा नवरा दोन्ही एकदमच सोडून कुओपिओ शहरात राहायला गेली. आज ती आपला हातमाग न्यायला आली आहे. ऊर्पोच्या हातात सरपणाचा भारा आहे आणि तो खाली ठेवायचं त्याला सुचत नाही. अंगणाच्या टोकाला एक व्हॅन उभी आहे. तिच्याकडे तो अजिबात बघत नाहीये, म्हणजे तिच्याशिवाय त्याला दुसरं काही दिसत नाहीये.)

ऊर्पो : गाडीत कोण आहे?

हिल्का : कौको.

ऊर्पो : वाटलंच.

हिल्का : काय वाटलं? गावात व्हॅन त्याच्या एकट्याकडे आहे. ती त्याच्या बायकोनं, सिर्कानं देऊ केली, पेट्रोल भरून. आणि तुझ्यासाठी मुरंब्याची बरणी पाठवलीय.

ऊर्पो : उतरत का नाही तो?

हिल्का : म्हणतो, ऊर्पोनं बोलावलं तर उतरेन.

ऊर्पो : बसू दे मग.

हिल्का : बसू दे. थर्मास आणलाय त्यानं. तू तो भारा ठेव खाली, हात भरून येतील.

ऊर्पो : जोडे राहू देत पायात. जमीन पुसलेली नाही.

हिल्का : जोडे घालून आत येऊ? इतकी परकी नाही झाले. सरक.

ऊर्पो : कॉफी टाकू?

हिल्का : टाक. फळीवर एकच कप आहे.

ऊर्पो : एकच लागतो. दुसरा कपाटात असेल. बघ.

हिल्का : आहे. जाळं धरलंय त्यात.

ऊर्पो : दे, धुतो.

हिल्का : खराटा कशाला ठेवतोस, ऊर्पो? खरं सांग.

ऊर्पो : कुणी येऊ नये म्हणून.

हिल्का : येतं का कुणी?

ऊर्पो : खराटा असला की नाही येत.

हिल्का : आणि नसला की?

ऊर्पो : पहिल्या वर्षी ठेवत नव्हतो. टपालवाला यायचा, तोही पेटीपर्यंत. मग ठेवायला लागलो. ठेवला म्हणजे म्हणता येतं, खराट्यामुळे आलं नाही कुणी.

हिल्का : हं.

ऊर्पो : साखर अजून एकच?

हिल्का : सोडली. डॉक्टरनं सोडायला लावली.

ऊर्पो : मार्यूत बोलली नाही मला.

हिल्का : लेकीला मीच सांगितलं होतं, माझ्या बातम्या तिकडे देऊ नकोस.

ऊर्पो : रविवारी फोन करते ती. मी विचारतो, आई कशी आहे. ती म्हणते, बाबा, हवा कशी आहे तिकडे.

हिल्का : कॉफी चांगली झालीय. चल, माग सोडवायला घेऊ. कौकोला अंधाराच्या आत रस्त्याला लागायचंय. एल्क हरणं आडवी येतात म्हणतो.

ऊर्पो : येतात. परवाच एक शाळेपाशी होता. ये, मागची खोली थंड आहे, कोट राहू दे अंगावर.

हिल्का : तू हात लावला नाहीस याला.

ऊर्पो : धूळ पुसतो. शनिवारी.

हिल्का : धोटासुद्धा मी ठेवला होता तिथंच.

ऊर्पो : तो तुझा.

हिल्का : आणि अर्धी सतरंजी तशीच मागावर. हा निळा पट्टा दिसतोय? तुझा चौकटीचा शर्ट.

ऊर्पो : तो शर्ट मी आठ दिवस शोधत होतो.

हिल्का : माहीत आहे. कोपरं फाटली होती म्हणून चिंध्या केल्या. तू मला विचारलंस, कुणाला दिलास.

ऊर्पो : विचारलं असेल.

हिल्का : 'हरवला का' नाही विचारलंस. 'कुणाला दिलास.'

ऊर्पो : मोगरी घे. नको, मीच ठोकतो, तू खांब धर. पाचर वरच्या अंगानं निघते. सगळ्या जोडांवर पेन्सिलीचे आकडे आहेत बघ. एक ते बावीस.

हिल्का : हे कधी केलंस?

ऊर्पो : आणला तेव्हाच.

हिल्का : आणलास त्याच दिवशी मोडायच्या खुणा करून ठेवल्यास?

ऊर्पो : जोडायच्या खुणा आहेत त्या. जुन्या घरातून सुटा करून आणला होता. बाराचा आकडा कुठे जातो ते शोधण्यात रविवार गेला होता माझा.

हिल्का : आठवतं. सगळं गाव बघायला आलं होतं. बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. घरबसल्या माग आणून दिला बायकोला.

ऊर्पो : लिलावात दुसरेही होते घ्यायला. मी सोडला नाही.

हिल्का : मलाही दोन दिवस तसंच वाटलं. मग मंगळवार उजाडला आणि मी विणायला निघाले, जुन्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर, बायकांच्या सामाईक मागावर, नेहमीसारखी. तू म्हणालास, आता कशाला? घरी आहे की.

ऊर्पो : बरोबर होतं माझं.

हिल्का : बरोबरच होतं. तेच तर. तुझ्या बरोबर असण्याला कुठून हात घालायचा तेच मला कधी कळलं नाही. दर मंगळवारी आठ बायका, एक कॉफीची किटली आणि सिर्काचे चावट किस्से. तेवढंच होतं वर. आणि तू समोर रस्त्यावर गाडी लावून बसायचास.

ऊर्पो : थंडीत चालत येऊ नयेस म्हणून.

हिल्का : जूनमध्येसुद्धा?

ऊर्पो : धर नीट. सहावा सुटतोय.

हिल्का : दुकान साडेसहा किलोमीटर. जाऊन येऊन तेरा. गाडीचा आकडा चौदा पुढे गेलेला दिसला की तू रात्रीच्या जेवणाला तोंड उघडायचा नाहीस. एकदा मी फक्त फुलं बघायला वळले होते, पाद्रीबाबांच्या कुंपणाकडे. एक किलोमीटर फुलं. दोन दिवस गप्प होतास.

ऊर्पो : मी विचारलं नाही काही.

हिल्का : विचारलं असतंस तर सांगितलं असतं. ट्युलिप होते.

ऊर्पो : वीस वर्षं लाकडाच्या ट्रकवर काढली मी, हिल्का. रात्री धक्क्यावर थांबलं की बाकीचे ड्रायव्हर काय बोलतात ते ऐकायला हवं होतंस. कुणाच्या गावातली कुणाची बायको. नावं घेऊन. मी आपला ऐकत बसायचो आणि मोजायचो, आपल्या घरापासून किती लांब आहे ते गाव.

हिल्का : माझं नाव कधी घेतलं कुणी?

ऊर्पो : नाही.

हिल्का : मग?

ऊर्पो : माझ्यासमोर कोण घेईल?

हिल्का : हे बघ. याला औषध नाही.

ऊर्पो : तू माझ्याबरोबर पहिल्यांदा नाचलीस तेव्हा टपालातल्या त्या पोराबरोबर आली होतीस.

हिल्का : काय?

ऊर्पो : तळ्यावरच्या मांडवात. त्याच्याबरोबर आलीस आणि माझ्या सायकलवरून घरी गेलीस. मी ते विसरलो नाही. म्हटलं, जी एकदा दुसऱ्याचा हात सोडून येते...

हिल्का : तुझ्यासाठी सोडला होता मी तो हात.

ऊर्पो : हो.

हिल्का : चौतीस वर्षं. आणि तू माझ्या नावावर तेच मांडून ठेवलंस, मी तुला निवडलं म्हणून.

ऊर्पो : नीट बोलता येत नाही मला हे. जाऊ दे. अकरावा हाताशी घे.

हिल्का : घेतला.

ऊर्पो : एक विचारू?

हिल्का : विचारणारच आहेस. अंगणात भारा धरून उभा होतास तेव्हापासून तोंडावर आहे ते.

ऊर्पो : त्या गुरुवारी तू कुठे होतीस?

हिल्का : साडेतीन वर्षं झाली, ऊर्पो.

ऊर्पो : मला दुसरं काही नको. परत ये म्हणत नाही. कुणाकडे गेली होतीस ते सांग. मी काही करणार नाही, वय झालंय माझं. पण रोज सकाळी डोळा उघडला की आधी तेच येतं. चूल पेटवायच्या आधी. एकदा कळलं की संपेल.

हिल्का : मी तेव्हा काय सांगितलं होतं?

ऊर्पो : ते सोड.

हिल्का : नाही, सांग. मी बटाटे सोलत होते, तू दारात उभा होतास, बुटांचं बर्फ जमिनीवर वितळत होतं. तू तीनदा विचारलंस. मी तीनदा काय सांगितलं?

ऊर्पो : 'घरातच.'

हिल्का : मग?

ऊर्पो : मग काय. खराटा होता दाराला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. दुपारी दीड वाजता. या गावात माणसं खोटं बोलतात, खराटा बोलत नाही. लोक तिजोरी उघडी टाकून जातात त्याच्या जिवावर.

हिल्का : हो. तू खराट्यावर विश्वास ठेवलास.

ऊर्पो : म्हणजे काय?

हिल्का : मगाशी काय म्हणालास अंगणात? पुढून टेकवायचा, वळसा घालायचा, सरपणाच्या खोलीतून आत यायचं. कधी सुचलं तुला?

ऊर्पो : तू गेल्यावर. एकटं राहिलं की सुचतं माणसाला.

हिल्का : मला तू असतानाच सुचलं होतं. मोगरी खाली ठेव. पायावर पडेल.

ऊर्पो : दर गुरुवारी?

हिल्का : दर गुरुवारी. तू ट्रकवर असायचास. तुझा फोन यायचा दहाला, बाराला, तीनला. नाही उचलला तर शेजारची एइने यायची, वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं, बाई घरात आहे की नाही बघायला. तिला तू सांगून ठेवलं होतंस ते तिनंच मला सांगितलं, बिचारीला खोटं जमत नाही. मग मी खराटा ठेवायला लागले. फोनवर उशी. एइने अंगणातूनच मागे फिरायची. दोन तास मी कुणाच्याही हिशेबात नसायचे.

ऊर्पो : काय करायचीस दोन तास?

हिल्का : काही नाही. खिडकीपाशी बसायचे. एकदा कोट घालून पलंगावर झोपले, बाहेरगावी आल्यासारखी. कधी गायचे.

ऊर्पो : तू? गातेस?

हिल्का : मोठ्यानं. वाईट.

ऊर्पो : मला माहीत नव्हतं.

हिल्का : तुला माझे सगळे किलोमीटर माहीत होते.

ऊर्पो : एइने म्हणाली होती मला, दर गुरुवारी खराटा असतो. म्हणून त्या वेळी ठरल्याच्या एक दिवस आधी आलो. धरायला आलो होतो तुला.

हिल्का : ते मला नंतर कळलं. गावभर झालं तेव्हा.

ऊर्पो : पण हे... हे मी कशावरून मानायचं? आज तू म्हणतेस म्हणून?

हिल्का : हो. आज मी म्हणते म्हणून.

ऊर्पो : काही तरी असेल ना. कुणी बघितलं असेल. दिवा, धूर, काही.

हिल्का : एक गोष्ट आहे. पण ती मी देणार नाही.

ऊर्पो : का?

हिल्का : नाही देणार. चल, सोळा नंबर. तिकडून ठोक.

ऊर्पो : निघत नाहीये.

हिल्का : ओलीमुळे फुगलीय. हळू.

ऊर्पो : निघाली.

हिल्का : दे इकडे. सतरा.

ऊर्पो : तू घरातच होतीस.

हिल्का : काय म्हणालास?

ऊर्पो : घरातच होतीस म्हणालो. त्या गुरुवारी. मी चुकलो. सतरा धर.

हिल्का : थांब जरा. बसते मी.

ऊर्पो : पाणी देऊ?

हिल्का : नको. तुझ्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं होतं.

ऊर्पो : कधी?

हिल्का : त्या दिवशी. गाडीतून उतरलास तेव्हा. धुरी दिलेले मासे असणार, कागद खालून तेलकट झाला होता. डोक्यावर टोपी नव्हती, मार्चची थंडी आणि टोपी नाही. चार पावलं आलास, खराटा बघितलास आणि थांबलास. खूप वेळ थांबलास. मी पडद्याच्या कडेनं बघत होते. गाडीचा आवाज आला तेव्हाच किटली चढवली होती. म्हटलं, आता येईल आत, ओरडेल, मी खराट्याचं सगळं सांगून टाकीन, हसू येईल त्याला किंवा नाही येणार, पण सांगून टाकीन. दोन कप काढले होते.

ऊर्पो : मासे घेतले होते वाटेत. मनात म्हटलं होतं, खराटा नसला तर बसून खाऊ दोघं.

हिल्का : तू फक्त दार ढकलायला हवं होतंस. तुझंच घर होतं. आत येऊन माझी वाट बघायला बसला असतास तरी मी समोर दिसले असते.

ऊर्पो : तू हाक मारायचीस. काचेवर टिचकी मारायचीस.

हिल्का : हो. त्याचा विचार मी कुओपिओत बसून खूप केलाय. हात उचललाही होता. पण तुझा चेहरा तोपर्यंत बदलला होता, तू गाडीकडे वळला होतास. आणि मला, खरं सांगू, भीती वाटली.

ऊर्पो : हे तू आधीच का नाही सांगितलंस? मगाशी विचारलं तेव्हा? मासे म्हटलं असतंस तर मी तिथल्या तिथे मानलं असतं.

हिल्का : म्हणूनच. तू माशांवर विश्वास ठेवला असतास.

ऊर्पो : कॉफी गार झाली असेल. पुन्हा करतो. मोठा रूळ दोघांनी नाही निघायचा. जड आहे. तू तर उचलूच नकोस.

हिल्का : मग?

ऊर्पो : त्याला बोलावतो.

हिल्का : मी सांगते त्याला.

ऊर्पो : नको. मीच जातो.

...

कौको : नमस्कार मंडळी. जोडे काढतो, मोज्याला भोक आहे, कुणी बघू नका. अरे वा, अर्धा उतरवलात की. मला वाटलं, तुम्ही दोघं आत एकमेकांना उतरवताय.

हिल्का : कौको.

कौको : नाही, गंमत केली. थंडी वाजली ना माणसाला की जीभ सैल सुटते. ऊर्पो, तुझी कॉफी कडक असायची पूर्वी. अजून आहे?

ऊर्पो : आहे. कप नाही. भांड्यात देतो.

कौको : बादलीत दे. चालेल.

ऊर्पो : कौको.

कौको : बोल.

ऊर्पो : दुकानात. दुधाच्या कपाटापाशी.

कौको : आठवतंय थोडंसं. माझ्या हातात ताकाची पिशवी होती, तुझ्या हातात माझी कॉलर.

ऊर्पो : चुकलं माझं.

कौको : हं. तू हे इतक्या लवकर म्हणशील असं वाटलं नव्हतं. मी तयारी करून आलो होतो, दहा वर्षांनी वगैरे.

ऊर्पो : सगळ्यांसमोर बोललो मी ते. बायकामाणसं होती. शाळेची पोरं होती, तू गाडीतून ने-आण करतोस ती.

कौको : पोरं महिनाभर मला 'हीरो' म्हणायची. आणि सिर्काला तर इतका आनंद झाला, म्हणाली, बाई गं, याच्यावरही कुणी संशय घेतं. दोन दिवस मला माशाचा मधला तुकडा वाढत होती. तिसऱ्या दिवशी मात्र रडली. म्हणाली, हिल्काची गाडी बंद पडली तेव्हा तू तिला घरी सोडलंस, ते मला का नाही सांगितलंस.

हिल्का : सिर्का रडली हे मला माहीत नव्हतं.

कौको : सांगण्यासारखं नव्हतं. चार किलोमीटरची गोष्ट. पण एकदा कुणी बोट दाखवलं की चार किलोमीटरही लांब होतात. सहा महिने सिर्का माझे खिसे बघायची, लपून. मी मुद्दाम खिशात गोळ्या ठेवायला लागलो, तिच्यासाठी. लिमलेटच्या. मग थांबली एकदाची. असो. कुठलं टोक धरू?

ऊर्पो : उजवं. मी तीन म्हणतो मग उचल.

कौको : आणि मासे, ऊर्पो. त्या दिवशी तू आमच्या अंगणात मासे फेकून गेलास. आमच्या मांजराचा तुझ्याइतका कुणावर जीव नाही. अजून गाडीचा आवाज आला की धावतं.

ऊर्पो : एक. दोन. तीन.

कौको : आई गं. काय भरलंय यात, शिसं?

हिल्का : दाराची कड सांभाळा. खराटा बाजूला घे रे, अडतोय.

कौको : घेतला. हिल्का, तू राहू दे, थोडं सामान आहे, मी नेतो एकेक. दोर बांधायला वेळ लागेल. तुम्ही कॉफी घ्या. माझी भांड्यातली राहू दे, येतो मी.

...

ऊर्पो : तिकडे कोण जोडून देणार?

हिल्का : खाली तळघरात खोली मिळालीय, इमारतीतल्या सगळ्यांसाठी. बायका आहेत पाचसहा. आम्ही जोडू. तुझे आकडे आहेतच.

ऊर्पो : बारा उलटा बसतो. सांगून ठेवतो.

हिल्का : बरं.

ऊर्पो : मी येऊन दिला असता लावून. एका दिवसाचं काम.

हिल्का : नको, ऊर्पो.

ऊर्पो : पत्ता मला माहीत आहे.

हिल्का : मला माहीत आहे, तुला माहीत आहे ते.

ऊर्पो : म्हणजे?

हिल्का : हिरवी गाडी. गेल्या हिवाळ्यात, दोनदा. समोरच्या बेकरीपाशी लावून बसला होतास. दिवे बंद, इंजिन चालू.

ऊर्पो : मी फक्त खिडकी बघायला आलो होतो. दिवा दिसला की बरं वाटायचं, की आहेस. वर यायचं मनात नव्हतं. कुणी येतं का ते बघायलाही नाही. पहिल्यांदा असेल. दुसऱ्यांदा नाही.

हिल्का : तुला दिवा दिसतो. मला गाडी दिसते. तेव्हापासून मी दाराच्या कड्याखाली खुर्ची लावून झोपते. तिसऱ्या मजल्यावर, दोन कुलपं असलेल्या दाराला. इथे जन्मभर उघड्या दारानं झोपले मी.

ऊर्पो : मी काही केलं असतं का तुला? कधी हात उचललाय?

हिल्का : नाही. ते मी सगळ्यांना सांगते. तरी खुर्ची लावते.

ऊर्पो : नाही येणार पुन्हा. तू बोलावल्याशिवाय. आणि तू बोलावणार नाहीस, ते कळलंय मला. गाडी त्या रस्त्यालाच घालणार नाही. शब्द देतो. माझ्याकडे मासे नाहीत दाखवायला.

हिल्का : बरं.

ऊर्पो : बरं म्हणजे?

हिल्का : म्हणजे आज खुर्ची लावणार नाही.

ऊर्पो : मुरंबा घेऊन जा तुला हवा तर. मी एकटा किती खाणार.

हिल्का : तुझ्यासाठी पाठवलाय सिर्कानं. लापशीवर घे, सकाळी. आणि ही धर. मागावरून कापून काढलीय. अर्धीच आहे. टोकांना गाठी मारल्यात, उसवणार नाही.

ऊर्पो : तू ने की. पुरी कर.

हिल्का : नाही. निळा शर्ट तुझा आहे. दाराच्या आत टाक, पाय पुसायला.

ऊर्पो : माझे दोनच पाय आहेत.

हिल्का : असू दे. आलं कुणी तर.

कौको : झालं, बांधलं. देवाच्या दयेनं कुओपिओपर्यंत तरी सुटायचं नाही. हिल्का, निघायला हवं, तळ्याच्या पलीकडे अंधारायला लागलंय. ऊर्पो, कॉफी फक्कड होती. सिर्काला सांगतो, भांड्यातून प्यायलो, तिला पटणार नाही. शनिवारी आमची वाफेची सॉना तापते, तुला माहीत आहे. मी बोलावत नाहीये, नुसतं सांगून ठेवतोय.

ऊर्पो : बघू.

हिल्का : येते, ऊर्पो.

ऊर्पो : सावकाश जा. शाळेपाशी हळू घे, कौको. एल्क उजवीकडून येतो.

कौको : उजवीकडून. बरं. आणि हा खराटा मी मगाशी पायरीवर आडवा टाकला होता. जाताजाता दाराला टेकवून जाऊ का, होता तसा?

ऊर्पो : नको.

कौको : मग?

ऊर्पो : कोपऱ्यात ठेव. भिंतीशी.

हिल्का : कुणी यायचंय का?

ऊर्पो : नाही. मी घरात आहे, म्हणून.